घरच्या चालींचे नाटक

गेल्या गणेशोत्सवात नल्लकुंट्यातील आमच्या गल्लीतल्या मुलांकडून 'संगीत सौभद्र' नाटकातील एक प्रवेश बसवून घेण्याचे काम माझ्याकडे आले. मुले आठ. काहींच्या घरी मराठी, काहींच्या घरी कानडी, आणि खेळताना सर्वांची तेलुगू. घरची भाषा हळूहळू सुटत चालली आहे, ही पालकांची खंत. पहिल्याच तालमीला एका लहानग्याने विचारले, की ही माणसे बोलता बोलता मध्येच गातात कशाला? मला उत्तर देता येईना. ते शोधण्यासाठी मी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या चरित्राकडे वळलो.

बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी बेळगाव भागातील गुर्लहोसूर येथे झाला. घर मराठी, मुलूख कानडी. त्याच वर्षी विष्णुदास भाव्यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्यामागेही कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती. मराठी नाटकाचे कानडीशी नाते असे जन्मापासूनचे आहे.

अण्णासाहेब शिकण्यासाठी पुण्यास गेले. पण नाटकाच्या नादाने शिक्षण अर्धवट राहिले. पुढे त्यांनी बेळगावास शिक्षकी केली, मग पुण्यास सरकारी कचेरीत नोकरी धरली. त्या काळी नाटकवाला म्हणजे वाया गेलेला मनुष्य, अशीच पांढरपेशा घरांची समजूत होती. तरीही नाद सुटला नाही. पारशी मंडळींचे गाण्यांनी भरलेले नाटक त्यांनी पाहिले आणि असे मराठीत का होऊ नये, या विचाराने त्यांनी कालिदासाचे 'शाकुंतल' हाती घेतले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास त्याचे पहिले चार अंक झाले.

पूर्वी पात्रांच्या वतीने सूत्रधारच गात असे. आता पात्रे स्वतः गाऊ लागली. युरोपातील ऑपेरात बहुतेक सारे नाटक गाण्यातूनच चालते. अण्णासाहेबांनी गद्य आणि पद यांची सांगड घातली. चाली मात्र त्यांनी दुरून आणल्या नाहीत. कीर्तनातली साकी, दिंडी, लावणीची लय, कानडी मुलखातल्या चाली, अशा लोकांच्या कानांवर रोज पडणाऱ्या चालींतच त्यांनी पदे बांधली. १८८२ साली आलेल्या 'सौभद्रा'त तर कृष्ण, बलराम, रुक्मिणी आपल्याच वाड्यातील माणसांसारखी रुसतात, थट्टा करतात, लग्न जुळवतात. म्हणूनच हे नाटक रंगमंचावरून थेट घराघरांत शिरले.

तिसरे संगीत नाटक 'रामराज्यवियोग' अपुरे राहिले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी अण्णासाहेब निवर्तले. त्यांची मंडळी मात्र पुढे अनेक वर्षे टिकली. बालगंधर्वही १९०५ साली तिच्यातच आले.

पुढच्या तालमीला मी त्या मुलाला विचारले, की तुझी आजी काम करताना गप्प असते का? तो म्हणाला, नाही, पुरंदरदासांची पदे गुणगुणते. मी म्हटले, तुझ्या प्रश्नाचे उत्तर तेच. दुसऱ्या दिवशी तो आजीला घेऊन आला. पदाचे मराठी शब्द तिला नीटसे कळत नव्हते, पण ताल तिनेच धरला. मुले त्या दिवशी प्रथमच न अडखळता गायली.