पंडिता रमाबाई : दुष्काळ आणि श्रद्धा

पंडिता रमाबाईंचें नांव निघालें कीं आमच्या समाजांत अद्यापि दोन तट पडतात. त्यांच्या विद्वत्तेची स्तुति करणारे त्यांच्या धर्माविषयीं मौन धरितात, आणि धर्मांतराचा राग धरणारे त्यांच्या कार्याविषयीं. आमच्या मतें हा हिशेब दोन्ही बाजूंनीं अपुरा आहे. बाईंच्या आयुष्यांतून त्यांची ख्रिस्तावरील श्रद्धा वजा केली, तर केडगांवचा जमाखर्च कांहीं केल्या जुळत नाहीं.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या दक्षिण भागांत, गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें आणि त्यापायीं शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला. त्याच मातेनें पुढें मुलीस शिकविलें. घरची संपत्ति सरली तेव्हां हें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडूं लागलें. १८७० नंतरच्या दशकांत दुष्काळानें त्यांस वाटेंतच गांठलें, आणि वडील, आई व थोरली बहीण हीं तिघें एकामागून एक गेलीं. अन्नासाठीं हात पसरावा हें त्या घरास ठाऊक नव्हतें. ज्या देवांच्या पायांशीं सर्वस्व वाहिलें ते हांकेला आले नाहींत, हा घाव मुलीच्या मनावर कायमचा राहिला.

बंधु श्रीनिवास याच्यासह पायीं हिंडत ती १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचली. तेथील पंडितांनीं तिच्या संस्कृताची परीक्षा घेऊन तीस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० सालीं बंधु वारला. त्याच वर्षीं बाईंनीं बिपिन बिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशीं नोंदणीपद्धतीनें विवाह केला. परंतु १८८२ च्या फेब्रुवारींत तेहि पटकीनें गेले. तेविसाव्या वर्षीं वैधव्य, आणि कडेवर वर्षाच्या आंतील मनोरमा. एवढ्या आघातांनंतर कोपऱ्यांत बसून राहिल्या असत्या तरी त्यांस कोणी दोष दिला नसता. त्यांनीं मात्र त्याच वर्षीं पुण्यास येऊन आर्य महिला समाज स्थापिला, आणि हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य यांची निकड मांडली.

१८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या व २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें त्यांनीं मुलीसह बाप्तिस्मा घेतला. हें साऱ्या महाराष्ट्रास जिव्हारीं लागलें. प्रलोभनाचा आरोप झाला. पण पुरावा दुसरेंच सांगतो. फुलहॅम येथें ख्रिस्ती भगिनींनीं 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांस पोटाशीं धरिलेलें बाईंनीं पाहिलें, आणि शोमरोनी स्त्रीशीं ख्रिस्त विहिरीकांठीं बोलला ती कथा वाचली. टाकलेल्या बाईलाहि उठून उभें राहतां येतें असें सांगणारा देव त्यांस येथें भेटला. तरी इंग्रज धर्मगुरूंची ताबेदारी त्यांनीं पत्करली नाहीं. पुरुष विद्यार्थ्यांस शिकवूं नये अशी बिशपांची सूचना आली तेव्हां त्यांनीं खडसावून विरोध केला. एका शास्त्र्याचा अधिकार सोडला तो दुसऱ्याच्या हातीं मान देण्यासाठीं नव्हे! स्वराज्याभिमान्यांनीं हें पान लक्षपूर्वक वाचावें. आणखी एक गोष्ट. बाप्तिस्म्यानें आपणांस ख्रिस्ताचा धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता, हें त्यांनीं पुढें स्वतःच कबूल केलें. मनाची ती खात्री होण्यास सुमारें आठ वर्षें लागलीं.

अमेरिकेंत मदत जमवून त्या परतल्या व ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस त्यांनीं विधवांसाठीं शारदा सदन उघडलें. पुढल्या वर्षीं तें पुण्यास आलें. येथील विद्यार्थिनी गोदूबाई हिचा विवाह १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं झाला. त्याच सालीं मात्र वादळ उठलें. बाईंच्या प्रार्थनेच्या वेळीं त्यांच्या खोलीचें दार उघडें असे, मुली जाऊन बसत, आणि कांहींचें मन त्या धर्माकडे वळूं लागलें होतें. रानडे, भांडारकर यांनीं सल्लागारपद सोडलें व पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. सदन धर्माच्या बाबतींत तटस्थ राहील या भरंवशावर मुली पाठविल्या होत्या, म्हणून पालकांची तक्रार निराधार होती असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु फिर्यादीनेंहि स्वच्छ हातांनीं न्यायासनापुढें यावें लागतें. बाल्यांत विधवा झालेल्या मुलीस स्वतःच्या घरीं कोंडून ठेवणाऱ्या समाजानें दुसऱ्याच्या उघड्या दाराविषयीं कितपत बोलावें?

खरी कसोटी १८९६-९७ च्या दुष्काळांत लागली. मध्यप्रांतांतील उपाशी मुलींची वार्ता ऐकतांच बाईंस आपल्या आईबापांचें मरण डोळ्यांपुढें दिसलें, आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. सुमारें तीनशें मुली व स्त्रिया त्यांनीं आणल्या. पुण्यांत प्लेगाचा कहर. शहरांत एवढ्या जणींस ठेवणें अशक्य. अमेरिकन मंडळीनें दिलेलें दहा वर्षांचें वचन संपत आलेलें. व्यापारी गृहस्थ ही स्थिति ओळखतील : देणें रोजचें आणि येणें अनिश्चित. बाईंनीं केडगांवच्या माळावर छपरें उभारलीं, विहिरी खणविल्या आणि उद्यांच्या धान्याविषयीं प्रार्थना करून आजच्या कामास हात घातला. १९०० सालच्या गुजराथेंतील दुष्काळानंतर 'मुक्ति'ची वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. तेथें कोणी नुसतें बसून खाल्लें नाहीं. शेती, दुभतें, विणकाम, तेलघाणा, छापखाना हीं सारीं कामें बायकांच्या हातांत होतीं. मनोरमाबाईंनीं आंधळ्या मुलींस बोटांनीं वाचावयास शिकविलें.

पिकल्या वयांत रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल साध्या मराठींत आणण्याचें काम अंगावर घेतलें. खेड्यांतल्या बाईला कळेल असा प्रत्येक शब्द हवा, हा त्यांचा आग्रह. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा गेली. जिच्या हातीं सारें सोंपवावयाचें तीच पुढें गेली. आई पुनः मुद्रितांकडे वळली. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेविला, आणि १९२४ सालीं केडगांवच्या छापखान्यांतून तें पुस्तक बाहेर पडलें.