बाबुराव शेडमाके आणि रेंजरचा प्रश्न

१८५७ म्हटलं की आपल्याला मेरठ, कानपूर, झाशी आठवतात. माझं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मंगल पांडे आणि झाशीची राणी यांच्यावरची पाच-पाच मार्कांची उत्तरं मी इंग्रजीतून पाठ केलेली आहेत. पण १८५८ साली आपल्याच चांदा जिल्ह्यात इंग्रजांना सात महिने जंगलभर पळवणारा पंचवीस वर्षांचा तरुण कोण होता, हे मला कळलं ते इंजिनिअरिंगला आल्यावर. आणि तेही कशातून, तर एका खेळावरून झालेल्या भांडणातून!

तो तरुण म्हणजे वीर बाबुराव शेडमाके. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. आता या दोघांचा संबंध काय, असं आपल्या सरांना आणि मॅडमना नक्कीच वाटेल, म्हणून आधी खेळाबद्दल थोडक्यात सांगतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी १९७४ साली हा खेळ बाजारात आणला. याला पट लागेलच असं नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर होतो, म्हणजे जग तो उभं करतो आणि त्या जगातले शत्रूही तोच चालवतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्राचा क्लास ठरलेला असतो. कोणी फायटर, कोणी विझार्ड म्हणजे जादूगार, कोणी क्लेरिक. काय करायचं ते तोंडाने सांगायचं आणि जमलं की नाही ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. एवढंच. सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा हे सुचतं, यावरून खेळाची गोडी ओळखा.

सुरुवातीला क्लास तीनच होते. रेंजर आला १९७५ मध्ये. रेंजर म्हणजे जंगलात वाढलेला, माग काढणारा, धनुष्यबाण चालवणारा लढवय्या. (आपल्याकडे रेंजर म्हटलं की फॉरेस्टची जीप आणि खाकी कपडे डोळ्यांसमोर येतात, तो हा नव्हे!) २०१४ च्या नियमपुस्तकात या रेंजरला स्वतःचा एक आवडता प्रदेश निवडावा लागतो. समजा त्याने जंगल निवडलं. मग जंगलात त्याचा गट जादूशिवाय वाट चुकत नाही, अवघड जमिनीवरही गटाचा वेग कमी होत नाही, अन्न शोधलं तर दुप्पट सापडतं, आणि मागावरून किती जण गेले, कधी गेले हे कळतं. पण जंगल संपून शहर लागलं, की यातलं काहीच कामाला येत नाही. म्हणून रेंजर हा क्लास बॅलन्स्ड नाही, कमजोर आहे, अशी जगभरच्या खेळाडूंची तक्रार होती. आमच्या विंगमध्येही हाच वाद पेटला. पण आमच्याकडे त्याला आणखी एक बाजू होती. आमच्या गटातला एक मित्र अहेरीकडचा आहे. पहिल्या दिवशी पात्रं वाटताना त्याला कोणी काही विचारलंच नाही. तू गडचिरोलीचा, तू रेंजर, झालं. तीन महिने तो पुढे जाऊन वाट बघायचा, आणि बक्षीस आणि कौतुक मिळायचं जादूगाराला. एक दिवस तो चिडला आणि म्हणाला की आमच्या भागात एक खराखुरा रेंजर होऊन गेला, आधी त्याचं आयुष्य वाचा आणि मग कमजोर कोण ते ठरवा. म्हणून मी वाचलं.

बाबुरावांचा जन्म १२ मार्च १८३३ चा. अहेरी भागातल्या मोलमपल्लीच्या गोंड जमीनदार घराण्यात ते जन्मले. वडील पुल्लेश्वर बापू, आई जुर्जाकुंवर. लहानपणी गोटूलात त्यांना तलवार, तिरकमठा, गोफण यांचं शिक्षण मिळालं. गोटूल म्हणजे गोंड गावातली तरुणांची शाळाच. पुढे त्यांना रायपूरला इंग्रजी शिकायला पाठवलं, असं त्यांच्या चरित्रांत सांगतात. हे वाचून मी थबकलोच. म्हणजे हा माणूस नुसता जंगलचा नव्हता. ज्यांच्याशी लढायचं त्यांची भाषाही तो शिकलेला होता. आमच्या पात्रांच्या कागदावर एवढ्या गोष्टी एका क्लासमध्ये बसल्याच नसत्या.

आता जग कसं बदललं ते बघा. डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले. त्यांना मुलगा नव्हता. डलहौसीने वारस नाही हे निमित्त करून १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं, आणि त्या राज्याबरोबर चांदाही कंपनीच्या ताब्यात गेला. इथल्या जमीनदाऱ्या गोंड राजांच्या काळापासून चालत आलेल्या होत्या. मराठ्यांच्या राज्यातही त्या टिकल्या. आता मात्र कोण जमीनदार राहणार आणि कोण नाही, हे परक्या साहेबाच्या मर्जीवर आलं. खेळाच्या भाषेत सांगायचं तर टेबलावर नवा गेम मास्टर येऊन बसला होता. आणि हा गेम मास्टर तटस्थ नव्हता, तो स्वतःच एका बाजूने खेळत होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

१८५७ चा उठाव उत्तरेत पेटला तेव्हा बाबुरावांनी इकडे तरुण गोळा करायला सुरुवात केली. त्यांच्या या दलाला जंगोम सेना म्हणतात, आणि चरित्रांमध्ये सुमारे ५०० जणांचा आकडा येतो. त्यात गोंड होते, माडिया होते आणि रोहिलेही होते. मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. चांद्याचा इंग्रज अधिकारी कॅप्टन क्रिक्टन याने फौज पाठवली. १३ मार्चला नांदगाव-घोसरीजवळ लढाई झाली आणि इंग्रजांच्या फौजेला मागे फिरावं लागलं. त्यानंतर गढीसुर्ल्याच्या टेकडीला वेढा पडला, तेव्हा वरून दगडांचा मारा करून बाबुरावांच्या माणसांनी बंदुकांना उत्तर दिलं. अडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. एप्रिलमध्ये सगणापूर आणि बामणपेठ इथे पुन्हा चकमकी झाल्या. इंग्रजांकडे शिकलेली पलटण आणि चांगल्या बंदुका असूनही एका जमीनदाराचा बंदोबस्त त्यांना करता येईना.

इथपर्यंत वाचलं की आमच्या विंगमधला जादूगार म्हणेल, बरोबरच आहे, जंगल हा त्यांचा आवडता प्रदेश होता. पण नियमपुस्तकातला रेंजर आणि बाबुराव यांच्यात मोठा फरक आहे. पुस्तकात रेंजरला वाट आपोआप सापडते. फासा टाकायचीसुद्धा गरज नाही. त्यामुळे होतं काय, की जंगलातला प्रवास एका वाक्यात उरकतो आणि रेंजरचं कसब कोणाला दिसतच नाही! ज्या ठिकाणी त्याने चमकायचं, नेमकं तेच ठिकाण त्याचा नियम पुसून टाकतो. खरं जंगल असं आपोआप सापडत नाही. कुठल्या नाल्याला एप्रिलमध्ये पाणी असतं, कुठल्या टेकडीवर माणसं दडवता येतात, कुठलं गाव रात्री भाकरी देईल, हे शेकडो माणसांच्या ओळखीतून कळतं. म्हणजे बाबुरावांची ताकद एकट्याची नव्हती, गावांची होती. असली ताकद पात्राच्या कागदावर लिहिता येत नाही. आणि कधी तुटेल तेही कागदावरून कळत नाही.

२९ एप्रिल १८५८ ला प्राणहिता नदीकाठच्या चिंचगुंडीला तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. तिसरा, पीटर नावाचा, त्या वेळी छावणीत नसल्यामुळे वाचला आणि क्रिक्टनपर्यंत पोचला. हे दोघे काही लढाईवर निघालेले शिपाई नव्हते, तारेचं काम करणारी माणसं होती. हे वाचताना मला, एका होऊ घातलेल्या इंजिनिअरला, बरं वाटलं नाही. पण तार म्हणजे त्या काळी काय होतं, याचाही विचार करा. जो निरोप घोडेस्वाराला पोचवायला दिवस लागायचे, तो तारेवर काही मिनिटांत जाणार होता. जंगलाचं सगळ्यात मोठं संरक्षण म्हणजे अंतर, आणि तार ते अंतरच संपवते. बाबुरावांनी हे ओळखलं होतं की तो हल्ला केवळ रागातून झाला, हे मी सांगू शकत नाही. एवढं खरं, की त्यानंतर इंग्रजांच्या दृष्टीने हे एका जमीनदाराचं बंड राहिलं नाही.

आता शेवट. बाबुरावांना कोणी हरवलं? मला वाटलं होतं तोफखाना आला असेल, किंवा त्यांना मैदानात ओढून हरवलं असेल. म्हणजे रेंजर जंगलाबाहेर आला आणि संपला, असं काहीतरी. तसं घडलं नाही. क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला. अहेरी ही या भागातली सगळ्यात मोठी जमीनदारी. लक्ष्मीबाईंची माणसंही याच जंगलातली. त्यांनाही तेच नाले, त्याच टेकड्या, तीच गावं माहीत. अखेर १८ सप्टेंबर १८५८ रोजी लक्ष्मीबाईंच्या माणसांनी बाबुरावांना पकडलं. त्यांना चांद्याला आणून खटला चालवला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. वय २५. आपल्यातले कितीतरी जण त्या वयात कॅम्पसची वाट बघत असतात. व्यंकटराव बस्तरकडे निसटले, पण १८६० मध्ये तेही पकडले गेले आणि त्यांना जन्मठेप झाली. अडपल्ली आणि घोटच्या जमीनदारीतली ६७ गावं लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली.

लोककथेत हा शेवट वेगळा आहे. तिथे फाशीचा दोर पुन्हा पुन्हा तुटतो. बाबुरावांच्या अंगी अशी काही शक्ती होती, की दोर त्यांना पेलत नव्हता. मी आधी हे हसून सोडून दिलं असतं, पण आता तसं वाटत नाही. ज्या लोकांचा माणूस त्यांच्यातल्याच हातांनी पकडला गेला, त्यांनी निदान गोष्टीत तरी तो हरू दिला नाही.

लक्ष्मीबाईंना आज शिव्या देणं सोपं आहे. पण त्यांची जमीनदारी राहणार की जाणार, हेही क्रिक्टनच्याच हातात होतं, हे विसरून चालणार नाही. ज्याच्या हातात नियम, त्याच्याच हातात बक्षीस. ६७ गावं काढून घेणाराही तोच आणि देणाराही तोच. अशा टेबलावर कुठला क्लास बॅलन्स्ड ठरेल, सांगा बरं? बाबुरावांच्या जागी कितीही मोठा जादूगार बसवा, निकाल फार वेगळा लागला असता असं मला वाटत नाही.

आता पुन्हा आमच्या वादाकडे. खेळ बनवणाऱ्यांनी तक्रारी ऐकल्या. २०२० च्या पुस्तकात आवडत्या प्रदेशाला पर्याय दिला, आणि २०२४ च्या नव्या नियमांत तो प्रदेशच काढून टाकला. आता रेंजर कुठेही सारखाच लढतो. आकड्यांच्या हिशेबाने हे ठीक असेल. पण कुठलीच जमीन ज्याची नाही, तो रेंजर कसला? मला विचाराल तर क्लासचा बॅलन्स फक्त एका हल्ल्यात किती नुकसान केलं यावर मोजता येत नाही. तीन गोष्टी बघाव्या लागतात. त्याच्या कसबाला खेळात जागा मिळते का, त्याचा गट त्याच्या मागे उभा राहतो का, आणि गेम मास्टर निःपक्ष आहे का. बाबुरावांकडे पहिली गोष्ट भरपूर होती, दुसरी एप्रिलपर्यंत वाढत गेली आणि मग तुटली, आणि तिसरी कधीच नव्हती. रेंजर कमजोर नव्हता, टेबल तिरकं होतं.

यावरून आम्ही आमच्या खेळात दोन बदल केले आहेत. जंगलातला प्रवास आता एका वाक्यात उरकत नाही. पाणी, वाट, गाव, सगळ्यासाठी निर्णय घ्यावे लागतात आणि फासे टाकावे लागतात, आणि तिथे रेंजरचं ऐकल्याशिवाय कोणाचं पान हलत नाही. शिवाय जंगल एकट्या रेंजरलाच कळतं असं नाही, शत्रूच्या बाजूलाही त्या जंगलातली माणसं असतात. खेळ अवघड झाला आहे, पण कोणी कंटाळत नाही. दुसरा बदल त्याहून महत्त्वाचा. क्लास कोणी कोणाला वाटत नाही, ज्याचा त्याने निवडायचा. अहेरीकडच्या आमच्या मित्राने यावेळी विझार्ड घेतला आहे आणि रेंजर घेतलाय पुण्याच्या एका मुलाने. तो दर आठवड्याला वाट चुकतो!

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. पण बाबुराव दोन्ही जिल्ह्यांचे आहेत. ज्या तुरुंगात त्यांना फाशी दिली, तो याच शहरात आहे आणि तिथल्या पिंपळाखाली दरवर्षी २१ ऑक्टोबरला लोक त्यांना वंदन करायला जमतात. सेमिस्टरच्या मध्यावर येणारी तारीख आहे, प्रॅक्टिकल असेल, पण एकदा जाऊन या. आणि पुढच्या वेळी आपल्या वर्गातल्या कोणाला त्याच्या गावावरून एखादं काम सोपवाल, तेव्हा आधी त्याला विचारा. रायपूरला जाऊन इंग्रजी शिकलेला तो मोलमपल्लीचा मुलगा एका शब्दात बसणारा नव्हता. आपल्यापैकी कोणीच नसतं.