पंडिता रमाबाईंचें इंग्रजी शिक्षण

परभाषा शिकावयाची ती बालपणींच. पुढें जीभ वळत नाहीं आणि कानही साथ देत नाहींत, अशी पुष्कळांची समजूत असते. पंडिता रमाबाईंचें चरित्र पाहिलें म्हणजे ही समजूत सर्वस्वीं खरी नाहीं असें दिसून येतें. त्यांनीं इंग्रजीचा अभ्यास आरंभिला तेव्हां त्यांच्या वयास सुमारें चोवीस वर्षें झालीं होतीं. पदरीं एक तान्ही मुलगी होती. आणि परभाषेचा विद्यार्थी ज्या इंद्रियावर प्रथम विसंबतो, तें श्रवणेंद्रियच त्यांचें मंद होत चाललें होतें.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं पश्चिम घाटांतील गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे विद्वान. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये या रूढीस न जुमानतां त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस तें शिकविलें, व लक्ष्मीबाईंनीं तें मुलीस दिलें. हें शिक्षण कानानें व मुखानें चाले. पहांटेस आईनें म्हणावें आणि मुलीनें तिच्यामागून म्हणावें. बाराव्या वर्षाच्या सुमारास भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांस मुखोद्गत झाले होते.

पुढें दुष्काळांत आईबाप व थोरली बहीण यांस त्या अंतरल्या. भाऊ श्रीनिवास याजबरोबर देशभर पायीं हिंडत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचल्या. तेथील विद्वानांनीं त्यांची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं त्यांचा विवाह झाला. परंतु १८८२ च्या आरंभीं तेही पटकीनें गेले. मनोरमा या लहान मुलीस घेऊन रमाबाई पुण्यास आल्या.

पुण्यांत त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. त्याच सालीं हंटर शिक्षण मंडळापुढें त्यांनीं साक्ष दिली, ती मराठींत. मंडळास ती भाषांतरावरून समजून घ्यावी लागली. स्त्रियांसाठीं स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य हवेत, हें त्यांचें मुख्य मागणें होतें. आपणच वैद्यक शिकावें असें त्यांच्या मनानें घेतलें. परंतु त्या विद्येचें द्वार इंग्रजीवांचून उघडत नव्हतें. म्हणून मिस हर्फर्ड या बाईंकडे त्यांनीं इंग्रजीचे धडे घेण्यास प्रारंभ केला. ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या उत्पन्नाचा आधार घेऊन १८८३ सालीं त्या इंग्लंडास निघाल्या.

वाँटेज येथें सेंट मेरीच्या भगिनींच्या मठांत त्या राहिल्या. हिंदुस्थानांत येऊं इच्छिणाऱ्या भगिनींस त्या मराठी शिकवीत व स्वतः इंग्रजी शिकत. एकच व्यक्ति एका वेळीं गुरु व दुसऱ्या वेळीं शिष्य, असा हा व्यवहार होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं तेथेंच त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

याच काळांत त्यांच्या आशेवर घाला पडला. बहिरेपणामुळें त्यांस वैद्यकाचा अभ्यास करणें अशक्य ठरलें. ज्या हेतूनें समुद्र ओलांडला तोच हेतु नाहींसा झाला, तेव्हां दुसरें कोणी स्वदेशाची वाट धरतें. रमाबाईंनीं मात्र मार्ग बदलला, अभ्यास सोडला नाहीं. १८८४ सालीं त्या चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयांत गेल्या. तेथें मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्या देखरेखीखालीं संस्कृत शिकवीत असतां त्यांनीं इंग्रजी, गणित व सृष्टिशास्त्र यांचें अध्ययन केलें.

या कार्याची कठिणता आपण जरा ध्यानांत घ्यावी. आपल्या बाळबोध लिपींत बहुतेक जसें लिहावें तसेंच वाचावें. इंग्रजींत एकच अक्षरसमूह एका शब्दांत एक ध्वनि देतो, तर दुसऱ्यांत निराळाच. म्हणून तेथें डोळ्यांची ओळख वेगळी व कानांची वेगळी करावी लागते. चिनी विद्यार्थ्यासही हाच दुहेरी अभ्यास पडतो; कारण त्याच्या लिपींत अक्षरमालाच नाहीं. मकाव येथील मिशन शाळेंत इंग्रजीचा श्रीगणेशा करून युंग विंग हा चिनी विद्यार्थी १८५४ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठाचा पदवीधर झाला. त्याला कान तरी धड होते. रमाबाईंस बोललेलें इंग्रजी अर्धवटच ऐकूं येई, तेव्हां ग्रंथवाचनावर अधिक भार टाकणें त्यांस प्राप्तच होतें.

त्या परिश्रमाचें फळ लौकरच दिसलें. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं त्या १८८६ सालीं फिलाडेल्फियास गेल्या. पुढल्याच वर्षीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. पांच वर्षांपूर्वीं जिची साक्ष भाषांतरित करावी लागली, ती स्त्री आतां अमेरिकेंत ठिकठिकाणीं इंग्रजींत व्याख्यानें देऊं लागली. बोस्टन येथें त्यांच्या कार्यासाठीं मंडळी स्थापन झाली, आणि तिच्या साह्यानें ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत चौपाटीजवळ विधवांसाठीं शारदा सदन उघडलें. त्याच सालीं अमेरिकेच्या लोकस्थितीचें वर्णन करणारा ग्रंथ त्यांनीं मराठींत लिहिला. परभाषेंतून मिळविलेलें ज्ञान त्यांनीं स्वभाषेच्या पदरांत असें घातलें.

उतारवयांत केडगांव येथील मुक्ति मिशनचा व्याप सांभाळीत त्यांनीं हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला, आणि पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रहो, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील तुमच्या कानांवर आगगाडींत, बाजारांत व वर्गांत रोज तीनचार भाषा पडतात, आणि ग्रंथालयही जवळ असतें. ऐकलेलें वाक्य पुस्तकांत शोधावें, वाचलेलें वाक्य मोठ्यानें म्हणावें, आणि जें समजलें तें आपल्या मराठींत दुसऱ्यास सांगावें. घरीं लहान भावंडें आहेत. पहिला श्रोता शोधण्यास तुम्हांस दूर जावयास नको.