क्रॉइट्झफेल्ट : रोगाच्या नावात उरलेले संशोधक

हान्स गेरहार्ड क्रॉइट्झफेल्ट यांचे नाव एका दुर्मीळ, असाध्य मेंदूविकाराला मिळाले. मात्र ज्या रुग्णेमुळे ते मिळाले, तिला बहुधा तो विकार नव्हताच.

त्यांचा जन्म २ जून १८८५ रोजी जर्मनीतील हारबुर्ग येथे झाला. वैद्यकीय शिक्षणानंतर जहाजावरील डॉक्टर म्हणून प्रशांत महासागराचा प्रवास करून ते मेंदूच्या अभ्यासाकडे वळले. ब्रेस्लाऊ येथे १९१३ मध्ये त्यांच्यासमोर एक तरुणी आली. तिची चाल अडखळत होती, भान हरपत होते, स्नायूंना हिसके बसत होते. अखेर अपस्माराचे झटके थांबेनात आणि त्यातच तिचा अंत झाला. आकडीवरील ल्युमिनल हे औषध तेव्हा जेमतेम वर्षभरापूर्वी वापरात आले होते. फेनिटॉइन यायला पंचवीस वर्षे होती.

महायुद्धामुळे रखडलेले तिच्या विकाराचे वर्णन १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात हॅम्बुर्गचे आल्फोन्स याकोब यांनी आणखी रुग्ण नोंदवले आणि दोघांची नावे रोगाशी जोडली गेली. आजच्या निकषांवर याकोब यांचे काही रुग्ण टिकतात, क्रॉइट्झफेल्ट यांची रुग्णा टिकत नाही. तरीही नावात पहिला मान त्यांचाच!

क्रॉइट्झफेल्ट १९३८ मध्ये कील विद्यापीठात प्राध्यापक झाले. नाझी राजवटीत त्यांनी रुग्णांना कितपत वाचवले, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. म्युनिक येथे ३० डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. हा रोग चिंपांझीत संक्रमित होतो, हे १९६८ मध्ये सिद्ध झाले. प्रिऑन हा शब्द तर १९८२ मधला. दोन्ही गोष्टी त्यांना पाहता आल्या नाहीत.

दरवर्षी दहा लाखांत एक-दोघांना हा विकार जडतो आणि बहुतेक रुग्ण वर्षभरात दगावतात. क्लोनाझेपाम, व्हॅलप्रोएट, लेव्हेटिरासेटाम ही आकडीवरील औषधे स्नायूंचे हिसके कमी करतात. मेंदूच्या विद्युत आलेखावरील टोकदार तरंग कधी कधी अखंड अपस्मारासारखे दिसतात आणि डॉक्टरांचीही फसगत होते. औषधाने आलेख शांत होतो, क्वचित आशाही पालवते; पण रुग्ण भानावर येत नाही, कारण विकृत प्रथिनाची साखळी या औषधांनी तुटत नाही. तिला रोखणारे सिद्ध औषध अद्याप उपलब्ध नाही.