मेरी अ‍ॅन शॅड कॅरी : दान आणि स्वाभिमान

परोपकाराच्या इतिहासात देणाऱ्यांची नावे टिकून राहतात; घेणाऱ्यांच्या मनाचा विचार मात्र क्वचितच केला जातो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्री-विधिज्ञांच्या पहिल्या पिढीतील मेरी अ‍ॅन शॅड कॅरी यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यसनीय आहे. आपल्या समाजासाठी त्या जन्मभर झिजल्या; परंतु ज्या दानामुळे घेणाऱ्याची मान खाली जाते, त्या दानाशी त्यांनी कधीही तडजोड केली नाही.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८२३ रोजी डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे एका स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. तेरा भावंडांत त्या थोरल्या. वडील एब्राहम शॅड जोडे शिवण्याचा व्यवसाय करीत आणि दक्षिणेतून पळून येणाऱ्या गुलामांना साह्य करीत. डेलावेअरमध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणाची सोय नसल्याने हे कुटुंब पेनसिल्व्हेनियातील वेस्ट चेस्टर येथे आले. तेथे क्वेकरपंथीयांच्या शाळेत मेरी अ‍ॅन शिकल्या आणि पुढे निरनिराळ्या गावी त्यांनी अध्यापन केले.

१८५० च्या कायद्यान्वये पळालेल्या गुलामांना उत्तरेतील राज्यांतूनही पकडून परत पाठविता येऊ लागले. स्वतंत्र कृष्णवर्णीयही निर्धास्त राहिले नाहीत. ब्रिटिश वसाहतींत १८३४ सालीच गुलामगिरी रद्द झालेली असल्याने हजारोंनी कॅनडाची वाट धरली. १८५१ साली मेरी अ‍ॅन सीमेपलीकडील विंडसर येथे गेल्या आणि निर्वासितांसाठी त्यांनी शाळा काढली. ही शाळा कोणत्याही वर्णाच्या मुलांना खुली असावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी त्यांनी कॅनडातील जमीन, हवामान, मजुरी व कायदे यांची माहिती देणारी पुस्तिका प्रसिद्ध केली.

येथेच त्यांच्या आयुष्यातील मोठा वाद उद्भवला. निर्वासितांच्या नावाने अमेरिकेत पैसे आणि कपडे गोळा करणारे प्रतिनिधी हिंडत असत. अशा भिक्षेमुळे स्वकष्टाने उभा राहू पाहणारा समाज जगापुढे याचक ठरतो आणि गोळा झालेल्या निधीचा हिशेबही लागत नाही, असा मेरी अ‍ॅन यांचा आक्षेप होता. हेन्री बिब आणि मेरी बिब या वजनदार दांपत्याशी त्यांचे उघड वितुष्ट आले. बिब यांच्या हाती वृत्तपत्र होते; मेरी अ‍ॅन यांच्याजवळ नव्हते. १८५३ साली त्यांच्या शाळेला मिळणारे मिशनरी संस्थेचे साह्यही बंद झाले.

त्याच वर्षी ‘प्रॉव्हिन्शियल फ्रीमन’ हे पत्र जन्मास आले. संपादक म्हणून सॅम्युअल रिंगोल्ड वॉर्ड यांचे नाव झळकले, तरी प्रत्यक्ष भार मेरी अ‍ॅन यांनीच वाहिला. उत्तर अमेरिकेत वृत्तपत्र चालविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत. मात्र पत्र जगविण्यासाठी गावोगाव व्याख्याने देऊन त्यांना वर्गणी मागावी लागली. ज्यांनी याचनेवर टीका केली त्यांनाच हात पसरावा लागला, ही विसंगती नाकारण्याचे कारण नाही. पण या मागणीच्या मोबदल्यात त्या वाचकाला पत्र देत होत्या. दान आणि वर्गणी यांतील हा भेदच त्यांच्या विचाराचा गाभा होय.

१८५६ साली त्यांनी थॉमस कॅरी यांच्याशी विवाह केला. १८६० साली वैधव्य आले. पदरी दोन मुले होती. यादवी युद्धात त्यांनी कृष्णवर्णीय सैनिकांच्या भरतीचे काम पत्करले. युद्धानंतर त्या वॉशिंग्टनला आल्या, दिवसा शाळेत शिकवू लागल्या आणि १८६९ साली हॉवर्ड विद्यापीठाच्या विधिविभागात दाखल झाल्या. त्याच विभागातून शार्लट रे १८७२ साली पदवीधर झाल्या. मेरी अ‍ॅन यांच्या हाती पदवी पडली ती १८८३ साली, वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर.

कायदा त्यांच्या दृष्टीने केवळ उपजीविकेचे साधन नव्हता. १८७४ साली त्यांनी प्रतिनिधिगृहाच्या न्यायसमितीपुढे स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू मांडली. १८८० साली त्यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांची मताधिकार-संघटना स्थापन केली. मताबरोबरच स्त्रियांना उद्योगाची क्षेत्रे खुली व्हावीत, हाही तिचा उद्देश होता. जे हक्काने मिळावयास हवे ते दयेने स्वीकारू नये, ही विंडसरमधील भूमिकाच येथे कायद्याच्या भाषेत अवतरली. ५ जून १८९३ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

मराठी अभ्यासकाला हे चरित्र सर्वस्वी परके वाटू नये. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला, तेव्हा मेरी अ‍ॅन वॉशिंग्टनमध्ये त्या मुक्तांच्या मुलांना शिकवीत होत्या. त्यांना पदवी मिळाली त्याच १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस पोहोचल्या. परंतु केवळ समकालीनत्वावर तौलनिक अभ्यास उभा राहत नाही. पुण्यातील शाळा आणि विंडसरमधील शाळा यांना जोडणारा धागा अधिक खोल आहे : शिक्षण हे उपकार म्हणून वाटावयाचे की हक्क म्हणून मिळवून द्यावयाचे, हा प्रश्न दोन्हीकडे उभा होता. अर्पणपत्रिकेत मुक्तिदात्यांविषयीची कृतज्ञता आहे. मेरी अ‍ॅन यांच्या लेखनात मुक्त झालेल्यांचा स्वाभिमान आहे. एकोणिसाव्या शतकातील मुक्तिविचार समजून घेताना हे दोन्ही आवाज एकत्र ऐकले पाहिजेत.