सुरतेच्या वखारीचा कारभारी

सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्यात हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना कापडाचे कारखाने आणि मालाची गोदामे उभी आहेत. खानदेशातून पोटासाठी सुरतेकडे गेलेली पुष्कळ मराठी माणसे अशाच कारखान्यांत, गोदामांत आणि दुकानांत राबतात. कोणी गल्ल्यावर बसतो, कोणी माल मोजून घेतो, कोणी गाठी बांधतो, कोणी वही लिहितो. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी तरुणांची भाकरीही दुकानाच्या नोकरीवरच चालते. उपासनामंदिरात करतो ती सेवा आणि दुकानात करतो ते नुसते पोटाचे काम, असा भेद आपण सहज करून टाकतो. म्हणून याच मुलखातील एका जुन्या वखारीची आणि तिच्या एका प्रमुखाची हकिकत वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांला वाटते.

जेराल्ड ऑन्जियर हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. आयर्लंडातील एका सरदार घराण्यात त्याचा जन्म झाला होता. १६६२ च्या सुमारास तो सुरतेस आला. त्या वेळी सुरत हे मोगलांचे सर्वांत मोठे बंदर होते आणि कंपनीचा पश्चिम किनाऱ्यावरील सारा व्यवहार येथील वखारीतून चाले. जुलै १६६९ मध्ये सर जॉर्ज ऑक्झिंडेन वारला आणि वखारीचे अध्यक्षपद ऑन्जियरकडे आले. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबई बेट राजाकडून कंपनीला मिळाले होते. त्याचे गव्हर्नरपदही त्याच्याच शिरावर पडले.

वखारीत कामाची वाटणी ठरलेली होती. सर्वांवर अध्यक्ष. त्याच्या खालोखाल हिशेबनीस. त्याच्या वह्या लंडनला पाठवाव्या लागत. मग कोठाराचा अधिकारी. विलायती बनात, शिसे, पारा, पोवळी असा माल किती विकला आणि येथील कापड किती विकत घेतले, याची नोंद त्याच्याकडे. नवसारी आणि भडोच या भागांतील बाफ्ता कापडाला परदेशी मोठी मागणी असे. त्यानंतर जहाजांचा कारभारी. माल चढवणे-उतरवणे, गाड्या व हमाल यांची व्यवस्था आणि खलाशांचा पगार ही त्याची कामे. शेवटी चिटणीस. त्यांच्या हाताखाली तरुण कारकून, आणि बाजारात भाव ठरवून देणारे गुजराती दलाल. वखारीत रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होई. रविवारी उपासनेला हजर राहावे, असा दंडकच होता.

परंतु पगार पाहिला तर नवल वाटते. अध्यक्षाला वर्षाला ५०० पौंड. त्यांतील निम्मे विलायतेत जमा होत. कारकुनाला मात्र १० पौंड, त्याच्या वरच्या फॅक्टरला २०, मर्चंटला ३० आणि सीनियर मर्चंटला ४०. एवढ्यात भागत नसे म्हणून नोकर स्वतःचा खाजगी व्यापारही करीत. एकाच हाताने धन्याचा माल मोजायचा आणि त्याच हाताने आपला! सकाळी प्रार्थनेला गुडघे टेकणाऱ्या माणसाची परीक्षा दिवसभर कोठारात होत असे. ही परीक्षा कोणाला चुकली आहे?

ऑन्जियरची परीक्षा लवकरच आली. १६६९ च्या सप्टेंबरात काजीच्या जुलमाला कंटाळून सुरतेतील सुमारे आठ हजार वाणी शहर सोडून भडोचेस निघून गेले. बाजार ओस पडला. मुंबईस आश्रय मिळावा म्हणून त्यांचे पुढारी ऑन्जियरला भेटले होते. परंतु मोगल बादशहाचा रोष कंपनीच्या व्यापारावर ओढवेल, या भीतीने त्याने त्या वेळी त्यांना मुंबईस बोलावले नाही. धन्याचे नुकसान टाळणारा कारभारी म्हणून तो येथे दिसतो. संकटातल्या शेजाऱ्याला दार उघडणारा म्हणून दिसत नाही. हे सांगितल्यावाचून त्याचे चरित्र पुरे होणार नाही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १६७० मध्ये, शिवाजी महाराजांनी सुरतेवर दुसरी स्वारी केली. वखार बचावली, परंतु सुरतेवर विसंबून भागणार नाही हे ऑन्जियर उमजून चुकला.

१६७२ ते १६७५ पर्यंत तो मुंबईस राहिला. सुरतेत जे त्याने केले नाही, ते येथे केले. १६७२ मध्ये न्यायालय उघडले, जमीनदारांशी करार करून जमिनीचे तंटे मिटवले, प्रत्येक जमातीला आपली पंचायत दिली. १६७७ मध्ये दीवचा व्यापारी नीमा पारख याला धर्मस्वातंत्र्याचे अभिवचन लेखी दिले. १६७४ मध्ये महाराजांच्या राज्याभिषेकाला त्याने हेन्री ऑक्झिंडेनला रायगडी पाठवून तह केला.

मुंबईतील इंग्रजांना उपासनेसाठी स्वतंत्र मंदिर नव्हते. ऑन्जियरने १६७५ मध्ये प्रभुभोजनासाठी चांदीचा प्याला दिला आणि मंदिरासाठी वर्गणी सुरू केली. भिंती वर येऊ लागल्या. इतक्यात ३० जून १६७७ रोजी सुरतेत त्याचा अंत झाला. त्याच्यामागे जमलेल्या पैशाचा नीट हिशेब राहिला नाही आणि काम थांबले. अर्ध्या भिंती जवळजवळ चाळीस वर्षे ऊनपावसात तशाच उभ्या होत्या. रिचर्ड कॉब या पाळकाने १७१५ मध्ये काम पुन्हा हाती घेतले आणि १७१८ च्या नाताळात मंदिर उघडले. तेच आजचे सेंट थॉमस कॅथीड्रल. चर्चगेट स्टेशनचे नाव ज्या वेशीवरून पडले, ती वेस याच मंदिराकडे जाण्याची होती.

त्या उघड्या भिंतींकडे आपण क्षणभर पाहावे. शत्रूने त्या पाडल्या नव्हत्या. दुष्काळ किंवा वादळ यांनीही काम अडले नव्हते. कोणाच्या तरी हाती सोपवलेला पैसा ठिकाणावर राहिला नाही, एवढेच झाले. आणि एका पिढीला उपासनेसाठी छप्पर मिळाले नाही. वही ही किरकोळ गोष्ट नाही, हे यावरून समजावे.

प्रभूने आपल्या दाखल्यांत कारभारी आणि दास यांना वारंवार का आणले असेल? दुकानात, कोठारात, शेतावर परक्याची वस्तू सांभाळणाऱ्यालाच विश्वासूपणाची खरी किंमत कळते म्हणून. पलसाण्याच्या गोदामात मापे घेणाऱ्या, धुळ्याच्या पेढीवर वही लिहिणाऱ्या, मुंबईच्या दुकानात गल्ला सांभाळणाऱ्या बंधुभगिनींनो, तुमचे काम लहान नाही. संध्याकाळी शिल्लक जुळवताना ती धन्यापुढे जुळते तशी देवापुढेही जुळावी. आणि आम्ही जे मंडळीचा पैसा हाताळतो, त्यांनी तर आपली वही कोणालाही, केव्हाही पाहता येईल अशीच ठेवावी.