पांझरेवरचे पहिले काम



शाळेत आपल्याला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या भेटले ते कृष्णराजसागर धरणामुळे. त्यांच्या नोकरीचे पहिले मोठे काम आपल्या खान्देशात झाले, हे मला पाणीपुरवठा खात्यात लागल्यावर कळले.

पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ साली ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले. आधी नाशिक, मग धुळे. तेव्हा धुळे-जळगाव मिळून एकच खान्देश जिल्हा होता.

धुळे जिल्ह्यात दातर्तीजवळ पांझरेच्या पात्राखालून पाटाचे पाणी नळाने पलीकडे न्यायचे होते. एका काठाला नळात उतरलेले पाणी स्वतःच्याच दाबाने दुसऱ्या काठाला वर चढते; यालाच सायफन म्हणतात. कागदावर सोपे, पण पावसाळा लागला होता. पूर आला की खणलेले वाळूने भरून जाई. काम पावसाळ्यानंतर करावे, असे या तरुणाने वरिष्ठांना कळवले. ते शिस्तीला धरून नाही, असा ठपका आला. त्यांनी वाद घातला नाही. पुन्हा नदीत उतरून काम तडीस नेले. वरिष्ठांनीही मग त्याची कदर केली.

पुढे सक्करचा पाणीपुरवठा झाला, खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे झाले. १९०६ साली सरकारने त्यांना एडनला पाठवले. समुद्रात घुसलेला तो उजाड खडक म्हणजे जवळजवळ बेटच, पाऊस नावाला. तिथे त्यांनी लाहेजकडच्या कोरड्या नदीपात्राखालचे पाणी विहिरींतून उपसून आणण्याचा मार्ग सुचवला. उन्हाळ्यात वाळूत झिरा खणून घागरी भरलेल्या आपल्याला ते वेगळे सांगायला नको.

१९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. १९५५ साली भारतरत्न मिळाले. १९६२ मध्ये वयाची शंभरी ओलांडून ते गेले.

माझी सारी नोकरी गळत्या काढण्यात, व्हॉल्व्ह बदलण्यात आणि मोटारी चालत्या ठेवण्यात गेली. अशा कामाची कोनशिला बसत नाही. ते बंद पडले तरच गावाला कळते. भर पावसात बोलावणे आले की मला धरण नव्हे, पांझरेतला तो तेवीस वर्षांचा साहेब आठवे.

१५ सप्टेंबरला अभियंता दिन असतो. त्या दिवशी आपल्या शाळेतल्या मुलांना पांझरेची ही हकिगत जरूर सांगावी, एवढी मुख्याध्यापकांना विनंती.